शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : आधी अक्षर, मग अवजार

माननीय शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यांना कुशल हात हवेत, म्हणून खालच्या वर्गांपासूनच धंदेशिक्षण द्यावे, असा विचार जोर धरतो आहे. गरीब देशांतली मुले त्यामुळे लवकर कमावती होतील, असे सांगतात. माझा या घाईला विरोध आहे.

दाखला इंग्लंडचा दिला जातो, आणि तो खोटा नाही. वाफेची यंत्रे आणि सूतगिरण्या आल्या तेव्हा तिथे शाळेची सक्ती नव्हती. प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा १८७० चा, सक्ती १८८० ची. त्याआधी शाळेच्या वयाची पोरे गिरण्यांत राबत होती. पण यंत्रे तिथेच घडत होती. बघून-बघून काम शिकता येई. मागून येणाऱ्याला दुसऱ्याचे तंत्र आधी वाचावे, समजून घ्यावे लागते.

जपानने १८७२ मध्ये शिक्षणाचा कायदा केला आणि त्याच वर्षी तोमिओकाची सरकारी रेशीम गिरणी उघडली. तिथे फ्रेंच पद्धत शिकलेल्या मुली परत गेल्या आणि इतरांना शिकवू लागल्या. शाळा मात्र अडखळल्या. फी पालकांच्या माथी, खर्च गावावर, शिवाय शेतात राबणारे हात कमी! १८७३ च्या दंगलींत लोकांनी काही ठिकाणी शाळा जाळल्या. सुरुवातीची कितीतरी वर्षे निम्म्याहून जास्त मुले शाळेबाहेरच होती. तरी सरकार हटले नाही. १९०० मध्ये सक्तीच्या वर्गांची फी काढून टाकली आणि पुढच्या काही वर्षांत जवळपास सगळ्या मुलांची नावे पटावर आली.

डेन्मार्कने तर १८१४ मध्येच सर्व मुलांसाठी सात वर्षांचे शिक्षण सक्तीचे केले. पहिली सहकारी डेअरी निघाली ती १८८२ मध्ये. या डेअऱ्यांत मत गाईंच्या संख्येवर नव्हते, माणशी एक होते. दूध घालणाऱ्या लहान शेतकऱ्याला हिशेब वाचता येत नसता, तर त्या मताला काय किंमत राहिली असती? शाळेत त्याला कुणी लोणी काढायला शिकवले नव्हते. धर्मशिक्षणाबरोबर वाचणे, लिहिणे, आकडेमोड शिकवली होती.

मंत्रिमहोदय, हे फळ एका मंत्र्याच्या कारकिर्दीत हाती येत नाही, हे मला कळते. तरीही मागणी स्पष्ट आहे. धंदेशिक्षण जरूर द्या, पण प्राथमिक वर्गांचे तास आणि पैसा कापून नको. फी नावाला माफ करून वह्या, गणवेश, प्रवास यांचा बोजा घरावर टाकू नका. त्या खर्चापायी आधी मुलीचीच शाळा सुटते. येत्या अंदाजपत्रकात या खर्चाची तरतूद प्राथमिक शिक्षणाच्या नावाने वेगळी दाखवा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका