मांडीतून वाट नसेल तर?

संपादक महोदय,

छातीतल्या महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) फुगा छाती न उघडता, मांडीतून स्टेंट ग्राफ्ट म्हणजे जाळीवर बसवलेली कापडी नळी नेऊन दुरुस्त करतात, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. माहिती बरोबर, पण अर्धी. मांडीतून नळी जातच नसेल तर काय? आमचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात 31 वर्षं पाइप फिटर होतो. गेल्या वर्षी बायकोचा आवाज बसला. महिनाभर हळद-दूध झालं. घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर डावा स्वरतंतू हलेना. त्याची नस महाधमनीच्या कमानीखालून वळून येते म्हणे, आणि ती फुग्याखाली दाबली गेली होती. सीटीत फुगा 6.2 सेंटिमीटर निघाला. साधारण साडेपाचच्या पुढे गेला की दुरुस्ती सुचवतात.

पहिल्या रुग्णालयात भरतीसुद्धा झाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की सीटी फक्त छातीचा आहे, जांघेपर्यंत नेलेलाच नाही. पुन्हा सीटी, पुन्हा शिरेतून रंगद्रव्य. बाई मधुमेही, मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन 1.4 वरून 1.9 वर गेलं, म्हणजे बिघडलं. वर निकाल काय, तर "वाहिन्या बारीक आहेत, स्टेंट जमणार नाही, छाती उघडू."

ग्राफ्ट ज्या नळीतून आत नेतात, तिची पेटी मी मागून घेऊन पाहिली. माप 24 फ्रेंच. तीन फ्रेंचचा एक मिलिमीटर, म्हणजे 8. तोही आतला व्यास, बाहेरून नऊच्या आसपास. तिची ओटीपोटातली धमनी साडेपाच मिलिमीटर, त्यात कॅल्शियम साचलेलं. अशा लाइनीत नऊचा पाइप रेटला तर काय होतं, हे फिटरला शिकवावं लागत नाही. हल्ली याहून बारीक नळ्या येतात, पण तिच्या मापाचा ग्राफ्ट त्यांतून जाणारा नव्हता.

दुसऱ्या ठिकाणच्या सर्जननी फाइलच्या पाठीवर चित्र काढलं. डाव्या ओटीपोटावर छेद घ्यायचा, आतड्यांभोवतीची पिशवी न उघडता मागून वरच्या, रुंद धमनीपर्यंत जायचं, तिथं 10 मिलिमीटरची डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवायची आणि ग्राफ्ट तिच्यातून चढवायचा. काम झालं की नळी कापून तोंड शिवून बंद. आमच्या भाषेत, चालू लाइनीवर टी मारायचा! मान, काखेजवळची धमनी, क्वचित हृदयाचं टोक, असे आणखी मार्गही त्यांनी सांगितले. मानेतून गेलं तर मेंदूला झटक्याची भीती, हेही सांगितलं. पायांतली ताकद जाण्याचा धोका मात्र कुठूनही गेलं तरी असतोच.

हे काही कालचं तंत्र नव्हे. छातीच्या महाधमनीत असा ग्राफ्ट युक्रेनमधल्या खारकिव्हच्या डॉ. निकोलाय व्होलोदोस यांनी 1987 सालीच बसवला होता. प्रत्येक रुग्णालयात हे सगळं व्हावं असा माझा हट्ट नाही. "आमच्याकडे होत नाही" आणि "होत नाही" यांतला फरक तेवढा नातेवाइकांना सांगावा. आणि पहिल्याच सीटीच्या चिठ्ठीवर 'छाती ते जांघ' लिहावं.

बायको नवव्या दिवशी घरी आली. आवाज अजून घोगराच आहे, पण भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरता पुरतो.

– एक निवृत्त पाइप फिटर, कोपरखैरणे, नवी मुंबई