जेलरच्या नोकरीबद्दल, टेक्सासमधल्या केटी गावच्या मित्रास

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नागरिकत्वाची शपथ झाली आणि आता काउंटी (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) जेलमध्ये जेलर म्हणून अर्ज भरतोयस, हे वाचून मनापासून आनंद झाला. वहिनींना धाकधूक वाटते हेही कळलं. म्हणून सविस्तर लिहितोय, त्यांनाही वाचायला दे.

आपण मराठीत सगळ्यालाच तुरुंग म्हणतो, पण टेक्सासमध्ये प्रिझन वेगळं आणि जेल वेगळं. प्रिझन राज्याचं, तिथे शिक्षा झालेले. जेल काउंटीचं, निवडून आलेल्या शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) ताब्यातलं, आणि तिथे मुख्यतः कच्चे कैदी: काल रात्री पकडलेले, जामिनाचे पैसे नसलेले, खटल्याची वाट बघणारे. ज्याचा गुन्हा शाबीत झालेला नाही त्याला शिक्षा म्हणून काही करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्येच सांगितलंय. वर्दी घालताना हे डोक्यात पक्कं असू दे.

तुझं केटी गाव हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर अशा तीन काउंट्यांत पसरलेलं आहे, म्हणजे तुला तिन्ही जेल जवळच. पगार आणि शिफ्ट वेगवेगळ्या, पण परवाना एकच, टीकोलचा, म्हणजे पोलीस आणि जेलरांना परवाने देणाऱ्या राज्याच्या आयोगाचा. वय १८ पूर्ण आणि हायस्कूल किंवा जीईडी (हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा), एवढं किमान. आपल्याकडची पदवी इथल्या शिक्षणाच्या बरोबरीची ठरवून देणाऱ्या संस्थेचा कागद आधीच काढून ठेव, ऐनवेळी त्यातच आठवडे जातात. क्लास बी म्हणजे किरकोळ गुन्ह्यांचा मधला वर्ग; त्याहून गंभीर गुन्ह्यात कधीही शिक्षा झालेली नसावी, आणि क्लास बीमध्ये गेल्या दहा वर्षांत नसावी. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा साधारण क्लास बीमध्येच येतो. बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी, ड्रग टेस्ट आणि मानसतज्ज्ञाची मुलाखत होते. लोक अडकतात ते मात्र पर्सनल हिस्टरीच्या जाड फॉर्ममध्ये. जुने पत्ते, सोडलेल्या नोकऱ्या, ट्रॅफिकच्या दंडाची तिकिटं, सगळं विचारतात. तिकिटामुळे क्वचितच कोणी बाद होतो. ते लपवलं म्हणून होतो. पुण्यातले भाड्याच्या खोल्यांचे पत्तेसुद्धा लिही.

निवड झाली की तात्पुरत्या परवान्यावर कामाला लावतात. बारा महिन्यांत मूलभूत कोर्स करून राज्याची परीक्षा पास व्हायलाच हवी. कोर्स कठीण नाही, पण माणसं कमी असली की वरिष्ठ म्हणतात, "पुढच्या बॅचला पाठवतो." तू तारीख मागत राहा, कारण मुदत तुझी संपते, त्यांची नाही.

आता मुख्य काम. नियमाप्रमाणे ४८ कैद्यांमागे किमान एक जेलर, आणि प्रत्येक कैद्याला तासातून किमान एकदा समोर जाऊन डोळ्यांनी बघायचं. आत्महत्येचा धोका असलेले, मारामारी करणारे, मानसिक आजार असलेले जिथे ठेवलेत तिथे दर अर्ध्या तासाला. ऐकायला सोपं वाटतं. पण पहाटे तीन वाजता दिवे मंद असतात आणि बंकवर डोक्यापर्यंत ओढलेलं ब्लँकेट असतं. तू ब्लँकेट बघून पुढे गेलास तर तू ब्लँकेट मोजलंस, माणूस मोजला नाहीस. काचेला टॉर्च तिरका लाव, थेट डोळ्यांवर नको. कातडी दिसली पाहिजे आणि छाती दोनदा वरखाली झालेली दिसली पाहिजे. दिसली नाही तर दारावर बोटाने टकटक कर, नावाने हाक मार. हात हलला की पुढचं दार. शिव्या बसतील, बसू देत. आणि घड्याळ लावल्यासारखा जाऊ नकोस. एकदा ५० मिनिटांनी, एकदा ३५ मिनिटांनी जा. तुझी फेरी कधी येते हे आतल्यांना पाठ झालं की मधली वेळ त्यांची होते.

नोंद फेरी झाल्यावरच करायची. शिफ्टच्या सुरुवातीलाच रात्रभराचे रकाने भरून मोकळे होणारे तुला भेटतील आणि "सगळे असंच करतात" म्हणून सांगतील. सरकारी नोंदीत खोटं लिहिणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, आणि नुसत्या गुन्ह्यावर भागत नाही. तुझ्या शेजारच्या वॉलर काउंटीत १० जुलै २०१५ रोजी सँड्रा ब्लँड या २८ वर्षांच्या बाईला रस्त्यावर गाडी अडवून अटक झाली आणि १३ तारखेला ती कोठडीत मृत सापडली. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं दाखल होतानाच्या कागदांत नोंदलेलं होतं. नंतर राज्याच्या जेल स्टँडर्ड्स कमिशनने दोन त्रुटी काढल्या: दर तासाची समोरासमोर पाहणी झाली नव्हती आणि जेलरांच्या प्रशिक्षणाचा पुरावा नव्हता. तिच्या नावाच्या २०१७ च्या कायद्यामुळे आता तुला मानसिक आरोग्याचं आठ तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, आणि धोक्यातल्या कैद्यांच्या कोठड्यांपाशी फेरीची वेळ आपोआप नोंदणारी यंत्रणा दिसेल. पण तू दारापाशी आलास एवढंच ती सांगते. आत पाहिलंस की नाही, हे तुलाच माहीत.

बुकिंगला, म्हणजे नवे कैदी दाखल करून घेण्याच्या कामाला, पहिले काही महिने मिळाले तर नाही म्हणू नकोस, खरं शिक्षण तिथेच होतं. अंगझडतीआधी विचार, "सुई, ब्लेड, टोचेल असं काही आहे?" मग हातमोजे घालून दाबत दाबत जा, हात सरकवू नकोस, कारण सरकणाऱ्या हातात सुई घुसते. कॉलर, कमरपट्टी, मोजे आणि बुटाच्या आतली गादी उचलून बघ. आत्महत्येचा धोका आणि मानसिक आजार विचारणारा स्क्रीनिंगचा फॉर्म चार माणसांसमोर भरलास तर प्रत्येक उत्तर "नाही" येईल, म्हणून बाजूला घेऊन, खाली बसवून विचार. घेऊन आलेल्या पोलिसालाही विचार, गाडीत तो काय बोलत होता. मानसिक आजाराची विश्वसनीय माहिती मिळाली तर मॅजिस्ट्रेटला १२ तासांच्या आत कळवावं लागतं, म्हणून ती लगेच सार्जंटच्या कानावर घाल आणि वेळ लिही.

रोज पिणाऱ्या आणि आत आल्यामुळे दारू अचानक बंद झालेल्या माणसाकडे फार लक्ष ठेव रे. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसं दिसायला लागतात. जुने लोक म्हणतील, नाटक करतोय. पण यात माणूस मरतो. साखर उतरलेला मधुमेहीसुद्धा हुबेहूब दारू प्यायल्यासारखा अडखळतो. तू निदान करायचं नाहीस. नर्सला बोलवायचं आणि कधी बोलवलं, ती कधी आली, हे लिहायचं. वैद्यकीय गरज समजूनही दुर्लक्ष करणं घटनेविरुद्ध आहे, हा सुप्रीम कोर्टाचा १९७६ चा निकाल टेक्सासच्याच एका कैद्याच्या खटल्यातला आहे.

वहिनींना भीती मारामारीची असेल. ती होते, पण एकट्याने आत शिरायचं नाही, रेडिओवर सांगून माणसं येईपर्यंत थांबायचं, हा नियम पाळणारे सहसा धड घरी येतात. मला जास्त काळजी गोड बोलणाऱ्यांची वाटते. आधी तुझ्या मुलीचं नाव विचारतील, मग "बायकोला एवढा निरोप दे" म्हणतील, आणि निरोप दिलास की पुढची मागणी नाकारणं अवघड. पहिल्याच निरोपाला नाही म्हण, आणि त्याने मागितला होता हे वरिष्ठांना सांग.

कधीतरी आपल्यातलाच कोणी येईल, गणपतीत मंडळात आरतीला शेजारी उभा राहणारा. ओळख आहे हे त्याच मिनिटाला सार्जंटला सांग, म्हणजे त्याचं बुकिंग दुसरा कोणी करेल. आणि मंडळात, फोनवर, वहिनींपाशीसुद्धा त्याचं नाव काढू नकोस.

शिफ्ट बहुधा बारा तासांच्या असतात, दोन आठवड्यांत सात दिवस काम. सिमेंटवर चालून टाचा जातात, तेव्हा बूट चांगले घे, आणि अंधारात दिसणारं साधं घड्याळ.

फॉर्म भरायला घेतलास की पत्त्यांची यादी मला पाठव. पुण्यातली कुठली खोली कुठल्या साली होती ते तुझ्यापेक्षा मला जास्त आठवतं.

तुझा,
अवी