बटण दाबले, पण खिडकी उघडेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिनक्सवर माऊसच्या जादा बटणांनी प्रोग्रॅम कसे उघडावेत, यावरचा आपल्या पुरवणीतला मजकूर वाचला. कीडीसारख्या (कळा आणि बटणांची कामे बदलून देणाऱ्या) सेवेच्या सेटिंग-फाइलीत प्रोग्रॅम उघडण्याची आज्ञा थेट लिहावी, हा त्यातला सल्ला वाचकांना हमखास अडकवणारा आहे.

ही सेवा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने चालते आणि लॉगइनच्या आधीच सुरू झालेली असते. आपल्या सत्रातले डिस्प्ले, एक्सऑथॉरिटी किंवा वेलँड डिस्प्ले हे चल (खिडकी कुठे काढायची ते सांगणाऱ्या नोंदी) तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आज्ञा चालते, पण खिडकी कुठे काढायची हे प्रोग्रॅमला कळत नाही. पडताळा सोपा आहे: त्याच बटणावर टेंप फोल्डरात एक रिकामी फाइल तयार करणारी आज्ञा लावा. फाइल तयार होईल, मालक मात्र रूट दिसेल. ते चल हाताने भरून खिडकी कधी उघडतेही, पण मग ब्राउझर रूट म्हणून चालतो. तो उपाय नव्हे.

सेवेने फक्त माऊसच्या बटणाचे कीबोर्डच्या कळीत रूपांतर करावे; प्रोग्रॅम उघडणे डेस्कटॉपवर सोपवावे. कीडीचा ‘मॉनिटर’ (दाबलेली कळ-बटणे दाखवणारी आज्ञा) रूट म्हणून चालवून बटण दाबले की माऊसचा आयडी आणि बटणाचे नाव दिसते. सेटिंग-फाइलीत आयडीच्या विभागात नुसती तारका लिहिली, तर तीत फक्त कीबोर्ड येतात, माऊस येत नाही. त्याचा आयडी वेगळा लिहावा लागतो. बहुतेक जण इथेच फसतात. मग मुख्य विभागात त्या बटणापुढे एफ-१६ सारखी एरवी न वापरली जाणारी कळ लिहायची, सेवा रीलोड करायची आणि डेस्कटॉपच्या शॉर्टकट सेटिंगमध्ये त्या कळीला प्रोग्रॅम जोडायचा. एफ-१३ आणि एफ-२० टाळा. अनेक ठिकाणी पहिलीने सेटिंग्ज उघडतात, दुसरीने मायक्रोफोन बंद होतो. फाइलीत चूक होऊन कीबोर्ड अडलाच, तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकदम दाबा. कीडी बंद पडते.

खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स-११ प्रणालीवर (नवी ती वेलँड) असाल तर इतकेही नको. बटणाला आज्ञा जोडणारे एक्सबाइंडकीज आपल्याच सत्रात चालते, त्यामुळे वरची अडचण उद्भवतच नाही. एक्सईव्ही या तपासणीच्या प्रोग्रॅमच्या खिडकीवर बटण दाबून क्रमांक पाहा. ४ ते ७ हे चाकाचे, बाजूची बटणे सहसा ८ आणि ९. एक्सबाइंडकीजच्या फाइलीत एका ओळीवर अवतरणात आज्ञा, खालच्या ओळीवर बी, अपूर्णविराम आणि ८ (अर्थात सारे रोमन लिपीत). रोफीसारखा मेनू उघडायचा असेल तर त्या खालच्या ओळीत बी च्या आधी ‘रिलीज’ आणि अधिकचिन्ह जोडा. बटण दाबलेले असेपर्यंत माऊस एक्सबाइंडकीजच्या ताब्यात असतो, त्यामुळे मेनू अडू शकतो.

वेलँडवर हीच युक्ती फसवी ठरते. जुन्या एक्स प्रोग्रॅमच्या खिडकीवर बाण असताना बटण चालते, शेजारच्या खिडकीवर गेले की मुके होते. असे दिसले तर माऊसला दोष देऊ नका.

डीपीआयचे (बाणाचा वेग बदलणारे) बटण मात्र बऱ्याच माऊसमध्ये संगणकाला काहीच कळवत नाही, सगळे आतल्या आत चालते. कीडीच्या मॉनिटरमध्ये त्याची ओळच आली नाही, तर पायपर या माऊसच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये आपला माऊस दिसतो का ते पाहावे. दिसल्यास त्या बटणाचे काम तिथूनच बदलता येते.

आणखी एक. परवानगीची कटकट नको म्हणून स्वतःला ‘इनपुट’ गटात घालण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्या गटात गेल्यावर आपल्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्रॅम कीबोर्डवरची प्रत्येक कळ, पासवर्डसकट, वाचू शकतो.

आपला,
एक वाचक