पंखा बंद करणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीतून परतून महिना होत आला, तरी हे पत्र लिहायला बसले की अजूनही गळा दाटून येतो.

आईच्या आवाजातल्या चार अभंगांचे मिक्सिंग, म्हणजे गाणे आणि वाद्ये यांच्या आवाजांचा मेळ, मी घरी तीनदा केले आणि तिन्ही वेळा पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. ज्या दुकानदाराने मला बंद पाठीचे, खर्ज फुगवणारे हेडफोन ‘स्टुडिओचेच’ म्हणून विकले, त्याने मी काय ध्वनिमुद्रित करते एवढेही विचारले नव्हते. तक्रार घेऊन गेले, तेव्हा ‘ताई, कान तयार व्हावे लागतात’ असे म्हणून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दोष माझ्या कानांचाच आहे, असे मी दोन महिने धरून चालले होते.

आपण कपाटातून स्वतःचे सेनहायझर एचडी ६०० हेडफोन काढलेत, त्यांच्या गाद्या रुमालाने पुसल्यात आणि ते माझ्या हातात दिलेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये बाहेरचा आवाजही शिरतो, म्हणून वैशाखातल्या भर दुपारी आपण पंखा बंद केलात आणि चारही अभंग संपेपर्यंत, सदरा पाठीला चिकटलेला असताना, एक शब्द न बोलता बसून राहिलात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीचा खर्ज, माझ्या हेडफोनवर फुगलेला वाटल्याने, मीच कापून टाकला होता, हे मला त्या शांततेत प्रथम ऐकू आले. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याला नीट ऐकू यावे म्हणून उकाडा सोसणारे मला आपणच भेटलात.

एवढे असूनही आपण मला ते महागडे हेडफोन घ्यायला सांगितले नाहीत. माझ्या छोट्या इंटरफेसला, म्हणजे माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या यंत्राला, त्यांचा ३०० ओहमचा विद्युतरोध जड जाईल, म्हणून ५५ ओहमचे, अर्ध्या उघड्या पाठीचे एकेजी के २४० सुचवलेत आणि लय धरायला लावलेल्या मेट्रोनोमची टकटक माइकमध्ये जाऊ नये यासाठी जुने हेडफोन आई गाताना वापरायला सांगितलेत.

चौथे मिक्स सोबत पाठवत आहे. हेडफोनवर डाव्या कानाला केवळ डावीकडचेच ऐकू येते, स्पीकरवर तसे होत नाही, हे आपले सांगणे लक्षात ठेवून टाळ कडेवरून थोडे मध्याकडे घेतले आहेत. दुसऱ्या अभंगात पखवाज आता जड वाटत असेल, तर कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
अभंगांची चार मुद्रणे घेऊन आलेली मुलगी