मंत्री महोदय, मेलेले पक्षी नेमके कोणाचे?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी दुपारी दीड ते सव्वाचार आमच्याकडे वीज नव्हती. गारव्यासाठी पाण्याचा फवारा मारणारे फॉगर बंद, पंखे बंद. शेडमध्ये मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांचे पाच हजार पक्षी, 38 दिवसांचे, सव्वादोन किलोला आलेले. गुरुवारी गाडी भरायची होती. मी, बायको आणि सत्तरीची आई ओली गोणपाटं पडद्यांना बांधत होतो. अंधार पडेपर्यंत 612 मेलेले मोजले. रात्री एकपर्यंत खड्डा खणत होतो. आई अजून नीट जेवत नाही.

डॉक्टरांनी चार पक्षी फाडून दाखवले. दोघांच्या पोटात पिवळं पाणी, हृदय फुगून सैल पडलेलं. हे दुखणं एका दुपारचं नाही, साहेब. थंडीतल्या बॅचमध्येही असे पक्षी मी काढले आहेत. 1957 ची ब्रॉयलरची जात 56 दिवसांत साधारण 905 ग्रॅम भरायची. 2005 ची जात त्याच खाद्यावर 4.2 किलो भरली. मांस वाढलं, हृदय आणि फुफ्फुसं त्या मानानं वाढली नाहीत. प्राणवायू पुरवता पुरवता हृदयाची उजवी बाजू थकते आणि पोटात पाणी साचतं. वर उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही, ती नुसती धापा टाकते. उष्म्यानं पेशींत घातक फ्री रॅडिकल्स वाढतात. त्यांना आवरायला ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम नावाचं खनिज लागतं. फीडमधलं तेल खवट असेल तर ते ई आधीच संपतं. मक्याला बुरशी असेल तर यकृत जातं.

मी कंपनीसाठी करारावर पक्षी वाढवतो. पिल्लू कंपनीचं, फीड कंपनीचं, औषध कंपनीचं. गोणीत काय आलं हे मला कोणी सांगत नाही. तरी कंपनीनं कागदावर कारण लिहिलं 'व्यवस्थापनातील त्रुटी' आणि मरतूक माझ्या ग्रोइंग चार्जमधून, म्हणजे पक्षी वाढवायच्या मजुरीतून, कापली. दीड महिना राबून हाती 9,400 रुपये. वीज बिल 11,200.

तेही शेतीपेक्षा महाग अशा 'कृषी-इतर' दरानं! जुलै 2025 मध्ये मंत्रिमंडळानं पशुसंवर्धनाला शेतीचा दर्जा दिला, शेतीच्या दरानं वीज मिळेल असं सांगितलं. मी त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. माझ्या बिलावरचा दर आजही तोच आहे. कार्यालयात गेलो की 'वरून पत्र आलं नाही'.

पंचनाम्याला गेलो तर म्हणाले, पक्षी तुमचे कुठे, ते कंपनीचे. 2022-26 च्या आपत्ती-मदतीच्या निकषांत पक्ष्यामागे 100 रुपये आहेत, तेही एका कुटुंबाला 10,000 रुपयांपर्यंतच. म्हणजे 612 मधल्या 512 पक्ष्यांना किंमतच नाही, आणि उरलेल्या शंभरांचंही मला नाकारलं. बिल भरताना मी मालक, भरपाई मागताना मजूर, मरतूक कापताना पुन्हा मालक. कापूसवाला असो, दूधवाला असो, सगळ्यांशी तुमचं सरकार असंच वागतं. तोटा नेहमी शेवटच्या माणसाच्या दारात आणून टाकायचा.

फीडच्या प्रत्येक लॉटचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासा. बुरशीचं विष, तेलाचा खवटपणा, ई आणि सेलेनियमचं प्रमाण, सगळं गोणीवर छापायला लावा. उष्म्यानं झालेली मरतूक आमच्या मजुरीतून कापायला बंदी करा. एप्रिल-मेमध्ये दुपारची वीज तोडू नका.

सोमवारी नवीन पिल्लं उतरणार आहेत. तूस पसरून ठेवलं आहे. जनरेटरसाठी बायकोची पाटली गहाण ठेवली.

आपला,
एक कुक्कुटपालक, ता. सिन्नर