अडीच वाजताच्या पंगतीबद्दल

तीर्थस्वरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

काल निघताना दारात थांबून मी म्हणालो, "काकू, तुमचे आभार मानायचे राहिलेत." तुम्ही म्हणालात, "कशाबद्दल हो भाऊ?" आणि पोळपाट उचलून आत निघून गेलात. कशाबद्दल ते मला अकरा महिन्यांत तोंडाने सांगता आलेलं नाही. बोलायला गेलो की घसा दाटतो. म्हणून लिहितोय. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय, कारण वजनाचं ऑपरेशन करून घेऊन एकट्याने राहणारा मी काही एकटाच नसेन. कुणीतरी आत्ता, या क्षणी, ओट्यापाशी उभं राहून चार चमचे वरणाकडे बघत असेल.

तुमच्या खाणावळीच्या खाड्याच्या वहीत माझं नाव सहा वर्षं आहे. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत सगळी शिकणारी पोरं आणि त्यांच्यात चाळिशीचा, १३८ किलोचा मी. किती पोळ्या झाल्या हे तुम्ही कधी मोजलं नाहीत. तेव्हा मला ते फार मोठं वाटलं नव्हतं. आज वाटतं. कारण बाहेर सगळे मोजत होते. गुडघा दाखवायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, वजन. कान दुखतो म्हणून गेलो तर कानात बघायच्या आधी म्हणाले, वजन. साखर वाढलेली होती, रात्री झोपेत श्वास थांबायचा म्हणून नाकाला मशीन लावून झोपत होतो, आणि दहा वर्षांत एकानेही समोर बसवून, 'यावर उपचार आहेत, घाबरू नका' असं म्हटलं नव्हतं. सल्ला सगळ्यांनी दिला. तोही उभ्या उभ्या.

ऑपरेशन चांगलं झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. घरी सोडताना हातात चार पानांचं पत्रक दिलं. आधी पातळ, मग दाटसर, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. सगळं बरोबर होतं. पण पानोपानी लिहिलं होतं, 'घरच्यांनी वेगळं शिजवून द्यावं', 'घरच्यांनी लक्ष ठेवावं'. मी तिथल्या बाईंना सांगितलं, घरी मी एकटाच असतो. त्या म्हणाल्या, "मग कुणाला तरी बोलावून घ्या," आणि पुढचं नाव पुकारलं.

भाऊ चाळीसगावहून आला, दोन दिवस राहिला. त्याची शेतीची कामं खोळंबली होती, लवकर गेला याचा राग नाही. पण बॅग उचलताना तो म्हणाला, "तोंडावर ताबा ठेवला असतास तर पोट कापायची वेळ आली नसती." ते वाक्य घरात राहिलं. मशीन लावून झोपलो तरी ऐकू यायचं.

एकट्या माणसाचं अशा वेळचं जेवण कसं असतं ते सांगतो. मूठभर मुगासाठी कुकर लावायचा, मिक्सर काढायचा, गाळायचं, सगळी भांडी घासायची आणि त्यातले चार चमचे खायचे. सुरुवातीला तर ३० मिलिलिटरच्या औषधाच्या कपातून घोट घोट. उरलेलं फ्रिजमध्ये, आणि तिसऱ्या दिवशी सिंकमध्ये. शिजवलेलं अन्न ओतून देताना हात थरथरायचा. आमच्या घरी आईने पातेल्याला चिकटलेलं वरणसुद्धा पाणी फिरवून पिऊन टाकलेलं मी बघितलंय.

आणि संध्याकाळ. आई गेली त्या वर्षापासून संध्याकाळ झाली की मी खात आलो. दिवसभर घरी बसून लोकांची जीएसटीची रिटर्नं भरायची, लॅपटॉप मिटला की खायचं. कुणी लागेल असं बोललं की खायचं. शेवटची तारीख सुखरूप पार पडली की खायचं. ऑपरेशनने पोट लहान केलं, संध्याकाळ होती तेवढीच राहिली. डॉक्टरांनी समजावलं होतं की भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक बहुतेक त्या काढून टाकलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे बरेच महिने भूक कमी लागेल. खरंच पोटाला भूक नव्हती. पण डोक्याला होती, हातांना होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी एका रात्री शेवभाजी केली, तो काळ्या मसाल्याचा वास जिन्यातून वर आला आणि मी दाराला पाठ लावून रडलो. मला ती खायची नव्हती. ती खाऊन जे शांत वाटायचं, ते हवं होतं, आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

सहाव्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता उपम्याचे चार-पाच घास भराभर खाल्ले. छातीत मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात लाळ दाटली आणि मग उलट्या. पहाटे तीनपर्यंत मोरीत बसून होतो. पुढचे दोन दिवस भीतीने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो ते नाव काढून टाका म्हणून सांगायला.

तुम्ही म्हणालात, "नाव कशाला काढायचं? मी खाडा धरते. काय सांगितलंय डॉक्टरांनी खायला?" मी पत्रक दिलं. तुम्ही पदराला हात पुसलेत, पिठाच्या डब्यावर बसलात आणि चारही पानं वाचलीत. मध्ये दोन पोरं पोळी मागायला आली, त्यांना "घ्या तुमच्या हाताने" म्हणालात. माझ्या घरच्या कुणीही ते पत्रक उघडलं नव्हतं. वाचून झाल्यावर म्हणालात, "गर्दीत येऊ नका. पोरं दहा मिनिटांत उठतात, तुम्हाला उगीच घाई होईल. अडीचला या. मी बसते तेव्हा."

पहिल्याच दिवशी तुम्ही आमटी दिलीत आणि ती मला तिखट लागली. मी काही बोललो नव्हतो, पण दुसऱ्या दिवसापासून फोडणी पडायच्या आधीच माझ्यापुरतं वरण बाजूला निघू लागलं. ते राहू द्या. मला जे सांगायचंय ते त्या पहिल्या दिवसाचंच आहे.

त्या एका छोट्या वाटीला मला पस्तीस मिनिटं लागली. एक घास, मग चमचा खाली, मग चावत राहायचं, मग थांबून आत काय होतंय याची चाहूल घ्यायची. तुमचं जेवण दहाव्या मिनिटाला झालं होतं. ताट रिकामं होतं. आत भांड्यांचा ढीग पडला होता, संध्याकाळची भाजी चिरायची होती, तुम्ही पहाटे पाचपासून उभ्या होतात. तरी तुम्ही उठला नाहीत. उजवा हात ताटावर तसाच धरून सिन्नरच्या माहेरची गोष्ट सांगत राहिलात, कांद्याच्या चाळीत पाणी शिरलं होतं त्या वर्षाची. मी बघत होतो, तुमच्या बोटांवरचं वरण वाळत चाललं होतं. पिवळी खपली धरली त्याची. मला लाज वाटली. म्हणालो, "काकू, उठा ना, हात वाळला तुमचा." तुम्ही म्हणालात, "शेवटच्याचं होईस्तोवर पंगत उठत नसते, भाऊ."

काकू, आयुष्यभर मला पंगतीची भीती वाटत आली. लठ्ठ माणूस पानावर बसला की वाढणाऱ्याचा हात एक तर आखडतो, नाहीतर मुद्दाम सैल सुटतो, आणि शेजारचे एकमेकांकडे बघतात. ऑपरेशननंतर नात्यातल्या एका लग्नात मी दोन चमचे वरणभात घेतला तर एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लाखो रुपये मोजून उपाशी राहायचं?" जास्त खाल्लं तेव्हाही बोलले, कमी खाल्लं तेव्हाही बोलले. माझ्या ताटात काय आहे याच्याशी प्रत्येकाचं काहीतरी देणंघेणं होतं. तुम्ही माझ्या ताटाकडे बघितलंच नाहीत. तुम्ही फक्त उठला नाहीत.

त्या दिवशी पहिल्यांदा घास मध्येच अडकला नाही. त्यात चमत्कार काही नव्हता, घाई नव्हती एवढंच. पण सहा आठवड्यांत मी पहिल्यांदा कुणाबरोबर तरी जेवलो होतो.

मग ती रीतच झाली. तुम्ही पत्रकातले ग्रॅम पाठ केलेत. एका अंड्यात सहा, पन्नास ग्रॅम पनीर कुसकरलं की नऊ, असं खाड्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंत. पुढच्या पानावर माझ्या नावासमोर रोज 'पाव' अशी नोंद. मी पूर्ण ताटाचे पैसे द्यायला लागलो तर रागावलात, "जेवलात तेवढंच घेणार. दया नाही करत तुमच्यावर, हिशेब करतेय." चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. असं होतं आणि बहुतेकांचे परत येतात हे मला सांगितलेलं होतं, तरी कंगव्यातला पुंजका बघून घाबरलो, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "गोळ्या नीट चालू आहेत ना?" लोह, कॅल्शियम, ब१२, ड जीवनसत्त्व. या गोळ्या कायमच्या आहेत, हे माझ्या सख्ख्या भावाला अजून माहीत नाही.

आणि तो तिसऱ्या महिन्यातला आठवडा. मला रोज उलट्या होत होत्या आणि मी 'होईल बरं' म्हणत होतो. चौथ्या दिवशी तुम्ही गॅस बंद केलात. "हे आता आपल्या वरणाचं काम नाही, दवाखान्याचं आहे," म्हणालात आणि रिक्षा बोलावलीत. तिथे थायमिनची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची, इंजेक्शनं दिली. सारख्या उलट्या होत राहिल्या की हे जीवनसत्त्व संपत जातं आणि नसांवर, मेंदूवर कायमचा परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे वाचणाऱ्या कुणाचं ऑपरेशन झालेलं असेल तर कृपा करून माझ्यासारखी चार दिवस वाट बघू नका.

आज माझं वजन ९७ आहे. साखरेची एक गोळी बंद झाली, एक चालू आहे. गेल्या महिन्यात चाचणी करून डॉक्टरांनी नाकाचं मशीन काढलं. लोक भेटले की वजनाचा आकडा विचारतात आणि कौतुक करतात, आणि हे तेच लोक आहेत ज्यांनी त्या सहा आठवड्यांत एकदाही दाराची कडी वाजवली नाही. त्यांच्याशी मी नीट बोलतो. पण आतून माझं मन त्यांच्यापासून लांब गेलंय, ते परत कसं आणायचं ते मला कळत नाही.

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं करणं असं मी समजत होतो. पैसे देणं, रात्री जागणं, धावून जाणं. तुम्ही स्वतःचं काम थांबवून वीस-पंचवीस मिनिटं खरकट्या हाताने बसून राहिलात, आणि रोज बसत राहिलात. अशी माणसं या शहरात आणखीही असणार. डबा पोचवणारी, पेज करून देणारी, काही न विचारता समोर बसणारी. त्यांची कुठे नोंद होत नाही म्हणून मी तुमची करतोय.

संध्याकाळ अजून जड जाते. तुम्हाला ते मी कधी सांगितलं नव्हतं, तरी तुम्हाला ते कसं कळलं देव जाणे. हल्ली सात वाजले की तुमचा फोन येतो, "भाऊ, मेथी आलीय, निवडायला माणूस नाही." मला माहीत आहे, निवडायला माणूस असतो. मी येतो, ओसरीवर बसतो, काड्या वेगळ्या आणि पानं वेगळी करतो. दोन जुड्या होईस्तोवर आठ वाजतात आणि खायची ती वेळ निघून जाते.

येत्या शनिवारी-रविवारी आईच्या श्राद्धाला गावी जातोय. वरणात फोडणी घालायच्या आधी माझ्यापुरतं वेगळं काढ, असं या वेळी वहिनीला आधीच फोन करून सांगितलंय. दोन दिवसांचा खाडा धरा.

सोमवारी अडीचला येतो.

तुमचा,
पाव ताटाचा मेंबर