कपडे कुठे वाळत घालता?

माळीकाका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या परसबागेबद्दलचे आभार तोंडावर मानायला गेले असते तर तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणत झारी उचलली असती. म्हणून लिहितेय, आणि उघडच लिहितेय. तुमची नात वाचून दाखवेल. नाशिकात नवं घर घेऊन मागच्या मोकळ्या जागेकडे बघत बसलेल्या आणखी चौघांनी वाचलं तरी चालेल.

तुमच्या आधी आमच्याकडे एक आराखडा आला होता. थ्रीडी, गुळगुळीत. २० बाय ३० फुटांच्या परसात हिरवीगार लॉन, मधोमध कारंजं, कडेने एकसारखे पाम. मी तर भाळलेच होते. तुम्ही तो कागद नीट पाहिलात, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिलीत आणि विचारलंत, "कपडे कुठे वाळत घालता?" सासूबाई तडक बाहेर आल्या. पंधरा दिवस त्या हेच विचारत होत्या.

पुढचे तीन दिवस तुम्ही एक रोप लावलं नाहीत. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता यायचं, खडूने सावलीच्या रेघा मारायच्या, जायचं. आमच्या ह्यांना वाटलं, रोजंदारीचे दिवस वाढवताय. (हे तुम्हाला आज कळतंय. त्यांच्या वतीने माफी मागते.) पण त्या रेघांनीच सगळं ठरवलं. जिथे ऊन सर्वांत जास्त, तिथे दोऱ्या आणि लिंबू. स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, म्हणून तिच्यावर मधुमालती. गवती चहा दाराशीच, कारण आधण ठेवल्यावर तो तोडायला कोणी लांब जात नाही. मोरीच्या साबणाच्या पाण्यावर कर्दळ, आणि तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर अळू. ही दोन पाणी एकत्र करायची नाहीत, हे तुम्ही मला तीनदा बजावलंत.

लॉनवरून मी वाद घातला होता. "मे महिन्यात तुम्ही पाणी पिणार की लॉन?" एवढंच म्हणालात. तिच्या जागी शहाबादी फरशी आली, तीही सिमेंटात पक्की न बसवता. खाली मुरूम ठोकून, वर रेती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पक्कं काही टिकत नाही, हे मला कोण सांगणार होतं? दहा फुटांना एक इंच उतार, घराकडून झाडांकडे. आता पाऊस पडला की पाणी आपलं आपण लिंबाच्या आळ्यात जातं, आणि मी खिडकीत बसून बघते.

पारिजातकाचं मात्र मला सर्वांत अप्रूप. तुम्ही तो फरशीच्या कडेला असा लावलात की फुलं मातीत न पडता दगडावर पडतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या पाटावर बसून सकाळी निवांत परडी भरतात. करड्या दगडावर केशरी देठांचा तो सडा आणि मागे कर्दळीची लाल रांग. येणारे विचारतात, डिझायनर कोण? मी तुमचा नंबर देते. तुम्ही उचलत नाही, तो भाग वेगळा.

मोगऱ्याचं तेवढं चुकलं माझं. सावलीत लावू नका म्हणालात, मी हट्टाने खिडकीखालीच लावला. वर्षभर नुसती पानं. तुम्ही एक शब्द न बोलता जानेवारीत तो उकरलात, छाटलात, उन्हात नेलात. एप्रिलमध्ये ओंजळभर कळ्या निघाल्या, तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्या आईनेसुद्धा अशी संधी सोडली नसती.

तर काका, मनापासून आभार. कढीपत्त्याच्या बुडाशी फुटवे आलेत. तुम्हाला दोन हवे होते ना? पिशव्यांत लावून नळाजवळ सावलीत ठेवलेत. रविवारी या. दुपारचं जेवून जा, अळूचं फदफदं करणार आहे.